साडेसहा फॅटचं औषध

माझ्या एकंदर व्यक्तिमत्त्वाला आमच्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत साडेतीन फॅट लावलं. म्हणजे गाईचं. लवळ्याच्या एका कॉलेजात मी नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागले होते आणि शेजारच्या चांदे गावात त्यांच्याकडे खोली बघायला गेले होते. हा माणूस खोली दाखवायची सोडून डोळे बारीक करून माझ्याकडेच बघत राहिला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "साडेतीन. पानी न्हाई, पर साय बी न्हाई." मला काही कळेना. काकूंनी हसू दाबत खुलासा केला, की हे तीस वर्षं गावच्या दूध डेअरीवर फॅट काढायला होते, निवृत्त झाले तरी सवय गेली नाही, तुम्ही मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं. त्या घरात जी दोन वर्षं काढली ती बरीचशी स्वतःचं फॅट वाढवण्याच्या खटपटीत गेली.

सगळं गाव त्यांना मालकच म्हणायचं, म्हणून मीही इथे तेच म्हणते. फॅट लावल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच गोष्ट कळायची नाही. आमदारांचं भाषण दोन पॉइंट पाच, "पानी लई." महाळुंग्याच्या टोलेजंग इमारतींची रंगीत जाहिरात कुणी हातात कोंबली की, "पावडरचं दूध." एकदा मी त्यांना कॉलेजातलं एक जाडजूड पुस्तक वाचायला दिलं. चार दिवसांनी परत देताना म्हणाले, "पयली धा पानं सात, मग नुसतं ताक." मी ते पुस्तक नंतर पुन्हा चाळलं आणि त्यांचं माप बरोबर निघालं, याचा मला फार राग आला.

पण डेअरीतला त्यांचा दबदबा काही चेष्टेवारी नव्हता. कॅन कुणाचं आहे हे ते मान वर करून बघतच नसत. सरपंचाचं दूध त्यांनी परत पाठवलेलं होतं आणि सख्ख्या मेव्हण्याचंही. "म्हस बघून फॅट लावायचं नसतं," हे त्यांचं वाक्य गावात लहान पोरंसुद्धा त्यांची नक्कल करताना म्हणायची. मेव्हणा त्यानंतर दिवाळीला यायचा बंद झाला, तर मालक म्हणे, तो आला नाही तरी त्याच्या दुधात पाणी होतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे नाक. ते गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि ते पद त्यांनी सगळं नाकात साठवलं होतं. फाटकावर त्यांच्या हातची पाटी होती: 'तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट, दारू, गांजा व तत्सम सर्व पदार्थ वर्ज्य. चहा दोन वेळा.' चहाचं कलम ते स्वतःही पाळत नसत. बाकीच्या बाबतीत मात्र दयामाया नव्हती. हिंजवडीला जाणारी वरच्या मजल्यावरची पोरं जिन्यातून उतरताना श्वास धरून उतरायची. मी एकदा डासांसाठी खोलीत कडुलिंबाचा सुका पाला जाळला, तर पाच मिनिटांत मालक समितीचे दोन सदस्य घेऊन दारात हजर. तिघांनी मिळून हवा हुंगली. "लिंब हाय," मालक जरा खट्टू होऊन म्हणाले आणि निघून गेले.

यामागचं कारण काकूंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ गांजाच्या चिलमीपायी गेला. चांगला पैलवान गडी, शेवटी आईला ओळखेनासा झाला होता. तेव्हापासून त्या एका शब्दाचा उच्चार घरात कुणी केलेला मालकांना खपत नसे. पाटीवर लिहिला तेवढाच.

आता पूनमबद्दल. पूनम त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची. मी राहायला आले त्याच आठवड्यात काकू अंगणातून मालकांना ओरडून सांगत होत्या, "सकाळपास्नं चार येळा लाईट गेली." माझ्या खोलीत तर पंखा गरगर फिरत होता. मला वाटलं, यांच्या भागाची वायर वेगळी असेल. मी शहाणपणा करून दुसऱ्या दिवशी त्यांना चार्जिंगचा दिवा भेट दिला. मालकांनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला. पूनम ओट्यावर बसली होती, ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "म्याडम, लाईट माजी जाती. तुमची न्हाई."

तिला चौथ्या वर्षापासून फिटा येत होत्या. त्यातही वाईट प्रकारच्या. बोलता बोलता दोरी कापल्यासारखी मान पडायची आणि ती असेल तिथे कोसळायची. हनुवटीवर टाक्यांचे तीन व्रण होते. मालकांनी तिला क्रिकेटचं हेल्मेट आणून दिलं होतं, ते घालून ती अंगणात वावरायची. नववीत शाळा सुटली, कारण शाळेने हात टेकले. चार-चार औषधं चालू होती, तरी दिवसाला सात-आठ वेळा लाईट जायची. त्यामुळे ती उठल्यापासून झोपेपर्यंत घरातल्या कुणाची तरी नजर तिच्यावर असायची, आळीपाळीने, पहाऱ्यासारखी. असल्या जिण्यात माणूस किरकिरा होईल की नाही? पूनम नव्हती. माझ्याकडून पुस्तकं न्यायची, वाचायची, आणि बापासारखंच त्यांचं फॅट काढायची. मला ती मनापासून आवडायची आणि तिचं कोसळणं बघून मी दर वेळी खोलीत जाऊन रडायचे, हेही सांगून टाकते.

पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं असलं की मालक मला सोबत न्यायचे, कारण कागद इंग्रजीत असायचे. त्या दिवशी बाईंनी फाइल बाजूला सारली आणि म्हणाल्या, "इतकी औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिटा थांबत नाहीत. आता आपण एक वेगळं औषध जोडून बघू. कॅनाबिडिओल. तेलासारखं असतं, तोंडाने घ्यायचं. पूर्ण बऱ्या होतील असं मी म्हणणार नाही, पण फिटा कमी होऊ शकतात."

इथे मी माती खाल्ली. मी त्याबद्दल नुकतंच वाचलं होतं, आणि मला एखादी गोष्ट माहीत असली की पोटात राहत नाही. मी आनंदाने ओरडलेच, "म्हणजे गांजाच्या झाडापासून काढतात ते ना?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. "ह्या खरं बोलत्यात?"

"झाड तेच," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण नशा आणणारा भाग वेगळा असतो. तो यात नाही. हे तपासून शुद्ध केलेलं, कायद्याने चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे."

मालक उठले. "चल पूनम," एवढंच म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

परतताना जीप मालकच चालवत होते, पूनम त्यांच्या शेजारी. मी मागे बसून स्वतःला शिव्या घालत होते. बाणेर मागे पडलं, महाळुंगे आलं. तिथे एका नव्या बांधकामापाशी सिमेंटचा मिक्सर आडवा लागला होता आणि गाड्या तुंबल्या होत्या. तेवढ्यात पूनमची लाईट गेली. शहरात जाताना ती हेल्मेट मांडीवर ठेवायची. मान पडली ती सरळ डॅशबोर्डवर. ओठ फुटला. मालकांनी तिला कुशीवर धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिले, बाईंनी शिकवलं होतं तसं. थोड्या वेळाने ती भानावर आली, पदराने रक्त पुसलं, बाहेरच्या मिक्सरकडे बघत बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आबा, तुमी म्हस बघून फॅट लावलं."

मालकांनी उगाच हॉर्न वाजवला.

"दूध तपासलं का तुमी? न्हाई ना? मग परत कशापायी पाठवलं?"

मालकांनी गिअर टाकला. मग त्यांनी अचानक जीप अशी काही वळवली, की मिक्सरवाला हिंदीत आणि मागचा रिक्षावाला मराठीत एकाच वेळी त्यांचा उद्धार करू लागले. मालकांना त्याचं काही नव्हतं. आलो त्याच रस्त्याने आम्ही पुन्हा पुण्याकडे सुसाट निघालो आणि मी मागच्या सीटवर एखाद्या पोरीसारख्या टाळ्या वाजवत होते.

बाईंची वेळ संपली होती, तरी त्यांनी आम्हाला आत घेतलं. औषध दिवसातून दोनदा, सुरुवात अगदी थोड्यापासून, मग हळूहळू वाढवायचं, यकृतासाठी रक्त तपासायचं, जुन्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे सगळं त्यांनी समजावलं. मालक मान खाली घालून ऐकत होते. मग बाई म्हणाल्या, "आणि हे नेहमी जेवणाबरोबर द्या. जेवणात फॅट असलं की ते जास्त लागू पडतं."

मालकांची मान वर आली. मी त्यांचा चेहरा असा उजळलेला कधी पाहिला नव्हता. "किती फॅट?"

"म्हणजे?"

"सहा? साडेसहा? का गाईचं चालंल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या एवढ्या वर्षांच्या डॉक्टरकीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मी खुलासा केला. बाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आकडा महत्त्वाचा नाही, काका. महत्त्वाचं हे, की रोज सारखंच हवं. आज तुपातलं, उद्या कोरडं असं केलं तर औषध अंगात कमी-जास्त होतं आणि मग मला काहीच ताळमेळ लागत नाही. पण रोज सारखं राहणं लोकांना जमत नाही."

"आमाला जमतंय," मालक म्हणाले.

आणि जमलं. डेअरीने मोडीत काढलेलं फॅटचं मशीन त्यांच्या माळ्यावर होतं, ते खाली आलं. रोज सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध काढलं की आधी मशीनवर. साडेसहा भरलं तर ठीक, जास्त भरलं तर गाईचं दूध मिसळून साडेसहावर आणायचं. मोजून एक पेला दूध, मोजून दोन भाकरी, आणि बरोबर सुईविना पिचकारीत ओढलेलं औषध. पिचकारी डोळ्यासमोर धरून तेलाची रेघ बघताना मालक एक डोळा मिटायचे, लॅक्टोमीटर बघताना मिटत असणार तसाच. म्हैस मात्र वैतागली असावी. तिच्या पेंडीतसुद्धा हा माणूस आता चिमूटभर इकडची तिकडे होऊ देत नव्हता.

पहिले काही आठवडे वाईट गेले. पूनम दिवसभर पेंगायची, तिची भूक मेली, पोट बिघडलं. मालक माझ्या दाराशी येऊन नुसते उभे राहायचे. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय आहे ते. त्यांच्या थोरल्या भावाचेही डोळे असेच जड असत, असं काकू म्हणाल्या होत्या. मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ही झिंग नाही, आधीची एक गोळी आणि हे औषध एकत्र आल्यामुळे झोप वाढते, ती गोळी आपण थोडी कमी करू. गोळी कमी केली. चार-पाच दिवसांत पूनम डोळे उघडून बसली आणि पहिलं काय बोलली असेल तर, "भाकरी कोरडी झालीया."

मग ते सुरू झालं. आठच्या सहा, सहाच्या चार. मी कॉलेजातून येताना फाटकातूनच बोटांनी विचारायचे आणि मालक ओट्यावरून बोटांनीच उत्तर द्यायचे. तीन. दोन. पुन्हा चार, तेव्हा आम्हा सगळ्यांची तोंडं उतरली. पुन्हा दोन. एका संध्याकाळी मी फाटकातून बघते तर त्यांनी मूठ मिटून वर धरलेली. मला आधी वाटलं, काहीतरी बिनसलं. तर म्हणाले, "शून्य, म्याडम. आख्खा दिस." मी रिक्षावाल्याला तसंच सोडून पळत आत गेले, पूनमला मिठी मारली, काकूंना मारली. मालकांनाही मारणार होते, पण ते बिचकून मागे सरले.

गंमत अशी, की एवढा आनंद सांगायला त्यांना कुणी नव्हतं. कुणाला सांगायचं म्हटलं तर कुठलं औषध हे विचारणारच. तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. बाटली भुसाराच्या डब्यामागे दडवलेली असायची, घरात तिला नुसतं 'त्ये' म्हणायचे. शेवटी ते गोठ्यात गेले आणि म्हशीला सांगून आले. मी स्वतः ऐकलं.

पण असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांत चांद्यापासून नांद्यापर्यंत झालं, की व्यसनमुक्तीचा अध्यक्ष पोरीला गांजा पाजतोय. भजनी मंडळातले एक म्हातारबुवा गुडघ्यासाठी थोडं मागायला आले. वरच्या मजल्यावरची पोरं जिन्यातून उघड हसत उतरू लागली. समितीतले लोक ग्रामसभेत त्यांना पदावरून काढायचा विषय आणणार, असंही कानावर आलं. मालक म्हणाले, "काढू द्या. आपन गप ऱ्हायाचं." ते असं म्हणाले याचं मला फार वाईट वाटलं.

तो गप्पपणा मोडला एका बापाने. डोंगराकडच्या वाडीतला माणूस, दोन तास चालत आलेला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला फेफरं येत होतं. त्याने कमरेची पुडी सोडली आणि मालकांपुढे धरली. आत सुकलेला पाला होता. "ह्योच का त्यो? तुमच्या पोरीला गुन आला म्हनत्यात. किती उकळायचा, तेवडं सांगा."

मालकांनी ती पुडी हुंगली नाही. नुसतं बघूनच त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पाजलास का?"

"न्हाई. तुमाला इचारून पाजावं म्हनलं."

मालकांनी त्याला हाताला धरून ओट्यावर बसवलं, पुडी स्वतः चुलीत घातली, आणि मला म्हणाले, "मी गप ऱ्हायलो म्हनून ह्ये झालं." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बापाला आणि मुलीला जीपमध्ये घालून बाईंकडे नेलं. आणि परत आल्यावर सांगितलं, की ग्रामसभेत विषय ते येऊ देणार, आणि वर स्वतः बोलणार.

ग्रामसभा शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात भरली. एरवी कोरम भरत नाही म्हणून ओरड असते, त्या दिवशी भाडेकरूसुद्धा भिंतीवर बसले होते. गोठ्यातली दुसरी म्हैस व्यायला झाली होती म्हणून काकू घरी थांबल्या. पूनमने यायचा हट्ट धरला. मालकांनी मला तिच्या शेजारची खुर्ची दिली आणि बजावलं, "म्याडम, हिच्याकडं ध्यान ठिवा." मग ते माइककडे गेले.

"मी माज्या पोरीला गांजाच्या झाडाचं औषध देतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. पटांगणात सगळे एकदम बोलू लागले. मालक थांबले, आणि आवाज खाली बसल्यावर तोच शब्द पुन्हा म्हणाले. "गांजानं माजा भाऊ खाल्ला, ह्ये समद्यांना म्हाईत हाय. त्यामुळं मला शिकवू नगा. पर झाड म्हंजे म्हस. एका दुधातनं तूप निघतं, ताक निघतं. ताक प्यालेल्या मानसाला कुनी तूप खाल्लं म्हनतंय का? आपल्याला पायजे ती येक वस्तू त्यातनं काडलीया, मोजलीया, तपासलीया."

"मग आमी परसात लावू की," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"लाव," मालक म्हणाले. "आनि पोलिसाला काय सांगायचं त्ये बी पाठ कर. आरं, पाल्यात काय किती हाय, तुला फॅट काडता येतंय का त्याचं? पाला उकळून लेकराला पाजलं तर लेकरू जाईल. ह्ये डाक्टरच्या चिट्टीनं, थेंब मोजून, रगत तपासून. आनि ऐका. बऱ्या न्हाई झाल्या फिटा. हप्त्याला दोन-तीन अजून येत्यात. आदी दिसाला आठ व्हत्या. म्या फिटांची वही आनलीया, ज्याला बगायची त्यानं बगावी."

प्रश्न सुरू झाले. खोचक, भाबडे, सगळ्या तऱ्हेचे. एक बाई म्हणाली, तिच्या भावजयीलाही असंच होतं, सासरी सांगितलेलं नाही. दुसऱ्या कुणी उठून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा पत्ता विचारला. मालक उत्तरं देत होते, हातवारे करत होते, वही उंचावत होते, आणि मी खुर्चीच्या टोकाला येऊन त्यांचा शब्द न् शब्द पीत होते. सव्वादोन तास हे चाललं. शेवटी सरपंच म्हणाले, पदाचा विषय पुढच्या सभेत बघू, आणि लोक उठले.

मालक घामाने निथळत माझ्याकडे आले. मी काय काय बोलत सुटले मला आठवत नाही. ते ऐकत नव्हते.

"म्याडम, पूनमकडं ध्यान व्हतं न्हवं?"

सव्वादोन तासांत मी एकदाही मान वळवली नव्हती. खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या माणसापुढे ते जमेना. "नाही हो," मी म्हटलं. "मी तुमच्याकडेच बघत होते."

"मग कोन बगत व्हतं?"

कुणीच बघत नव्हतं. सगळं गाव मालकांकडे बघत होतं, आणि मालक गावाकडे. तिच्या दुखण्याच्या एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक सावकाश शाळेच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं.

पूनम बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आली. हातात पाण्याचा तांब्या होता. "काय झालं आबा?"

"तुज्याकडं कुनाचंच ध्यान न्हवतं गं," मालक म्हणाले.

"माज्याकडं कशाला पायजे?" ती त्यांच्या शेजारी टेकत म्हणाली. "मी बगत व्हते की तुमच्याकडं. बोलताना लई थरथरत व्हता हात. घ्या, पानी प्या आदी."